पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग: स्थानक उभं दिसलं तरी लोकल किती लांब आहे, हे ओळखायचं कसं?

चौकफाटा (प्रश्न)

पनवेल–कर्जत मार्गावर चिखले, मोहोपे आणि चौक अशी मधली तीन स्थानकं आहेत. दर थोड्या दिवसांनी 'अमुक टक्के काम पूर्ण' अशी बातमी येते. पण हे टक्के मातीकामाचे, खर्चाचे की स्थानकांचे, ते कुणी लिहीत नाही. आधीच्या तारखा पुढे गेल्या, त्यामुळे नवी तारीख विचारत नाही. जाणकारांनी एवढंच सांगावं:

कुंपणाबाहेरून, उड्डाणपुलावरून किंवा शेजारच्या जुन्या मार्गावरच्या गाडीतून पाहिलं, तर काम कुठवर आलंय हे कशावरून ओळखायचं? नव्या फलाटावर तरी डब्याची आणि फलाटाची ती जीवघेणी फट नसेल ना? सीएसएमटीहून पनवेलमार्गे कर्जत खरोखर लवकर पडेल का? आणि शेवटचं, 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणून जी जागा विकतात, ती तपासायची कशी?

---

खडी आणि स्लीपर (उत्तर)

टक्के सोडा. बोगदे, पूल आणि भराव यांचा भार एवढा मोठा असतो, की आकडा ऐंशीच्या वर गेला तरी गाडी चालवण्याच्या दृष्टीने हातात फारसं काही नसतं.

या मार्गात खरी मेख कुठे आहे ते आधी बघा. लांबी २९.६ किमी, मार्ग दुहेरी, बोगदे तीन: नढाल २१९ मीटर, किरवली ३०० मीटर आणि वावर्ले तब्बल २,६२५ मीटर. ठाण्याजवळचा पारसिकचा बोगदा १.३ किमीच्या आसपास आहे, म्हणजे वावर्ले त्याच्या जवळपास दुप्पट. बोगदा आरपार झाला की पेढे वाटतात, पण त्यानंतर काँक्रीटचं अस्तर, पाण्याचा निचरा, खडीविरहित रूळ, वायरचे आधार, दिवे, कडेची चालण्याची पट्टी असं सगळं आत बसवायचं असतं. बोगद्याला तोंडं दोनच, त्यामुळे एकाच वेळी चार टोळ्या आत घालता येत नाहीत. खडीविरहित रूळ तर जिथे बसला तिथे बसला. पुढे दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे करायचे तर खडी दाबणारं मशीन घालून चालत नाही. म्हणून ते काम हळू चालतं, आणि हळूच चालायला हवं.

आता कुंपणाबाहेरून बघायच्या खुणा.

नुसते रूळ दिसले म्हणून हुरळू नका. ६० किलोचा रूळ, किलोमीटरला १,६६० सिमेंटचे स्लीपर आणि स्लीपरखाली ३५० मिमी खडी, हे पूर्ण झालेल्या रुळाचं माप आहे. स्लीपरची टोकं उघडी दिसत असतील, बाहेरच्या बाजूला खडीचा खांदा भरलेला नसेल, तर तो रूळ फक्त अंथरलेला आहे. खडी भरली तरी ती दाबून, ठोकून बसवावी लागते. त्यासाठी टॅम्पिंग मशीन एकदा फिरून भागत नाही, तीन-तीन फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत रूळ थोडा वर उचलला जातो आणि वेगाची मुभा वाढत जाते.

सांधे बघा. लांब वेल्ड केलेल्या पट्ट्या आणून जागेवर पुन्हा वेल्ड मारतात. सांध्यावर मध्ये फुगवटा असलेल्या फिशप्लेट (सांधा धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) आणि त्यावर शिकंजे आवळलेले दिसले, तर तो वेल्ड अजून अल्ट्रासॉनिक तपासणीतून गेलेला नाही किंवा तपासणीत शंका आली आहे, असं समजा.

पुलांच्या टोकांकडे नीट बघा. लहानमोठे चाळीसहून जास्त पूल आहेत. पूल खचत नाही, त्याच्या मागचा नवा भराव खचतो. भराव थराथराने दाबून घेतला असला तरी कोकणातला एक पावसाळा त्याच्या अंगावरून गेला की खरी परीक्षा होते. जूनपूर्वी टाकलेल्या नव्या भरावाला ऑक्टोबरात पुलाजवळ बसकण आलेली असते, उतारावर घळी पडलेल्या असतात. उताराला दगडी पिचिंग आणि गवत, पायथ्याला चर, हे झालेलं असेल तर कंत्राटदार गंभीर आहे. नसेल तर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

फलाटाच्या फटीबद्दल. फलाटाच्या कडेचा जो दगड किंवा काँक्रीटचा पट्टा असतो, ज्याला कोपिंग म्हणतात, तो शेवटी बसवतात आणि तसाच बसवायला हवा. कारण फलाटाची उंची जमिनीपासून नाही, रुळाच्या माथ्यापासून मोजतात. उंच फलाटाचं जुनं माप ७६० ते ८४० मिमी. मुंबईत अपघात झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि मग ते ९०० ते ९२० मिमीपर्यंत नेलं. आडवं माप म्हणजे रुळांच्या मध्यापासून कोपिंगपर्यंत १,६७० ते १,६८० मिमी. आधी कोपिंग बसवून नंतर टॅम्पिंगच्या दोन फेऱ्या मारल्या तर रूळ वर आला आणि फलाट तेवढा खाली गेला. जुन्या स्थानकांतली निम्मी बोंब इथलीच. दर काही वर्षांनी खडी वाढते, फलाट मात्र जागेवरच राहतो.

आडवी फट आणखी एका कारणाने वाढते, ती म्हणजे वळण. वळणावरच्या फलाटाला डब्याचा मधला किंवा टोकाचा भाग कडेपासून दूर जातोच, त्याला इलाज नाही. म्हणून नव्या मार्गावर स्थानक शक्यतो सरळ रेषेत धरतात. चढउतारही जपावा लागतो: स्थानक आवारात १:४०० पेक्षा तीव्र उतार नको, १:१२०० मिळाला तर उत्तम. या दोन्ही अटी डोंगराच्या पायथ्याशी पाळायच्या म्हटल्यावर स्थानकाला सोयीची जागा गावाच्या वेशीवर सापडेलच असं नाही. स्थानक गावापासून लांब गेलं की लोक कुणाचा तरी डाव शोधतात. बऱ्याचदा तो भूगोल असतो.

फलाट तपासायला कुंपण ओलांडून आत जाऊ नका. रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि मटेरियल गाड्या मागेपुढे कधी हलतील याचं वेळापत्रक कुणाकडे नसतं.

---

टॉवर वॅगन

वरच्या उत्तरात रुळाचं सगळं आलं. तारेचं आणि सिग्नलचं मी लिहितो, कारण रखडतं ते इथेच.

खांब उभे राहिले म्हणजे अर्धं काम झालं, असं नाही. खांब, मग ब्रॅकेट आणि इन्सुलेटर, मग वरची आधाराची तार म्हणजे कॅटेनरी, मग तिला लोंबणाऱ्या ड्रॉपरवर (उभ्या छोट्या तारांवर) खालची कॉन्टॅक्ट वायर, जिच्यातून गाडी वीज घेते. उघड्यावर ही वायर रुळापासून साडेपाच मीटरच्या वर ठेवतात. सरळ मार्गावरही ती नाकासमोर ओढत नाहीत, एका खांबाला डावीकडे आणि पुढच्याला उजवीकडे खेचतात. नाहीतर पेंटोग्राफची, म्हणजे गाडीच्या छतावर वीज घेणाऱ्या सांगाड्याची, पट्टी एकाच जागी घासून खाच पडेल. खालून वायर नागमोडी दिसते, ती त्यामुळे. वायरच्या टोकांना वजनांची चळत टांगलेली दिसली तर ताण देऊन झाला आहे, म्हणजे काम बरंच पुढे आहे.

पादचारी पूल बघायला विसरू नका. वायरच्या वर येणाऱ्या भागात पुलाच्या कठड्याला पत्र्याची किंवा काँक्रीटची उंच आडभिंत लागते, म्हणजे कुणी काठी किंवा छत्री खाली सोडू नये. ती बसली नसेल तर त्या भागात २५ हजार व्होल्ट सोडणार नाहीत. पूल, छपराचे खांब, कुंपणाची जाळी, सगळं लोखंड अर्थिंगला जोडावं लागतं. वीज सोडण्याआधी रेल्वेच्या विद्युत निरीक्षकाची मंजुरी लागते आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते: अमुक तारखेपासून अमुक ते अमुक किलोमीटर वायर जिवंत समजावी. ही छोटी सूचना उद्घाटनाच्या मोठ्या बातमीपेक्षा जास्त कामाची असते. ती आली की वायरखाली बांबू, शिडी, उंच भरलेला ट्रक यांच्यापासून सावध राहायचं. तार अंगाला लागावीच लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते.

स्थानकाचे दिवे, पंप, लिफ्ट यांची वीज वेगळी, ती बहुधा महावितरणची. सिग्नलची वीज ओव्हरहेड वायरवरूनच छोट्या ट्रान्सफॉर्मरने २४० व्होल्ट करून घेतात आणि स्थानिक वीज राखीव ठेवतात. म्हणजे वायर चार्ज झाल्याशिवाय सिग्नलची खरी चाचणी पुरी होत नाही. कामं एकमेकांत अशी अडकलेली असतात.

सिग्नलची सगळ्यात सोपी खूण म्हणजे फुली. वापरात न आलेल्या सिग्नलवर दोन पट्ट्यांची फुली ठोकलेली असते. फुली आहे तोवर तो सिग्नल कुणासाठीच नाही. रुळाच्या कडेला एक्सल काउंटरच्या (चाकं मोजून रूळ रिकामा आहे का ते सांगणाऱ्या यंत्राच्या) पेट्या बसल्यात का, केबलचे चर बुजलेत का, तेही बघा. चर उघडे असतील आणि पाऊस तोंडावर असेल तर केबलमध्ये पाणी शिरणार आणि चाचणीत 'खोटी गाडी' दिसत राहणार, म्हणजे रूळ रिकामा असूनही यंत्रणा भरलेला म्हणणार.

आता खरी अडचण सांगतो. ती चिखले, मोहोपे किंवा चौकात नाही, दोन टोकांना आहे. नव्या रुळावर दिवसरात्र काम करता येतं, कारण तिथे गाडीच नाही. पनवेल आणि कर्जतला नवा मार्ग चालू यार्डाला जोडायचा म्हणजे जुनी इंटरलॉकिंग (पॉइंट, म्हणजे रूळ बदलण्याच्या जागा, आणि सिग्नल एकमेकांना बांधून ठेवणारी यंत्रणा) उघडून नवी बसवायची. ज्याला एनआय (नॉन-इंटरलॉकिंग) काम म्हणतात ते हेच. त्या काळात पॉइंट हाताने लावून, कुलूप घालून गाड्या काढाव्या लागतात. कर्जतला तर पुण्याकडे चढणाऱ्या गाड्यांना घाटासाठी मागून इंजिनं जोडतात, घाटाचा चढ १:३७ आहे. त्यात खोपोलीच्या लोकल आणि मालगाड्या. तिथे सलग मोठा ब्लॉक मागणं म्हणजे मुंबई–पुणे वाहतुकीच्या गळ्यावर पाय. म्हणून तुकड्या-तुकड्यांनी ब्लॉक मिळतात. कर्जत यार्डाच्या ब्लॉकच्या बातम्या वाचत राहा, या मार्गाची नाडी तिथे आहे.

---

चौकफाटा

फार उपयोगी. एक शंका आहे. 'चाचणी यशस्वी' अशी बातमी आली की महिनाभरात लोकल धरायची का?

---

टॉवर वॅगन

कुठली चाचणी, त्यावर आहे. नुसतं इंजिन फिरवलं, मटेरियल गाडी गेली, टॉवर वॅगनने (तारेच्या कामाच्या गाडीने) तार तपासली, यातल्या कशालाही 'चाचणी' म्हणतात. महत्त्वाची असते ती रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी, म्हणजे सीआरएस. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली येत नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. तपासणाऱ्याने बांधणाऱ्याच्या हाताखाली असू नये, हा त्यामागचा हेतू. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम २१ नुसार मंजुरीशिवाय नव्या मार्गावर प्रवासी नेता येत नाहीत. आयुक्त मोटार ट्रॉलीवरून मार्ग बघतात, पूल, पॉइंट, फलाटाची मापं तपासतात, मग वेगाची चाचणी होते. मंजुरी अनेकदा अटींसह येते: इथे वेग कमी ठेवा, तिथे कठडा करा, अमुक दुरुस्ती करून कळवा.

आणि मंजुरीनंतरही स्थानकनिहाय फरक पडतो. उरण मार्ग आठवा. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत गाड्या सुरू झाल्या तेव्हा मधलं तरघर वगळलं होतं. म्हणजे रूळ गावातून जातो, लोकलही जाते, पण थांबत नाही. १२ जानेवारी २०२४ ला पुढचा उरणपर्यंतचा टप्पा सुरू झाला, त्याच दिवशी ठाणे–वाशी मार्गावर दिघा गावही उघडलं. मार्ग उघडण्याची तारीख आणि आपल्या स्थानकात गाडी थांबण्याची तारीख एकच असेल, असं गृहीत धरू नका.

---

हार्बरचा हिशेब

वेळेबद्दल लिहितो, कारण त्यात लोकांची सरसकट दिशाभूल होते.

अंतर बघाल तर खुश व्हाल. सीएसएमटी ते कर्जत कल्याणमार्गे १०० किमी. सीएसएमटी ते पनवेल हार्बरने ४९ आणि पुढे २९.६, म्हणजे साधारण ७९. वीस-एकवीस किमी वाचले. पण हार्बरला जलद मार्गिकाच नाही. दोनच रूळ, गाडी प्रत्येक स्थानकात थांबते आणि पनवेलला पोचायला ऐंशी मिनिटांच्या आसपास घेते. पुढच्या तीस किलोमीटरला, मध्ये तीनच थांबे धरले तरी, पस्तीस मिनिटं धरा. बेरीज दोन तासांच्या जवळ जाते. कल्याणमार्गे कर्जत जलद लोकलही त्याच घरात आहे. म्हणजे फोर्टात नोकरी असलेल्या कर्जतकराला अंतर कमी आणि वेळ तेवढाच. फार तर ठाणे–कल्याणची गर्दी चुकेल, तीही काही थोडकी गोष्ट नाही.

खरा फायदा आहे तो कर्जत, चौक, खालापूरकडून पनवेल, बेलापूर, नेरुळ, वाशीला जाणाऱ्यांचा. आज लोकलने जायचं तर त्यांना कल्याण आणि ठाण्याचा वळसा पडतो, नाहीतर रस्ता. दीड-दोन तासांचा प्रवास तासाभराच्या आसपास येतो. हा मार्ग मुंबईसाठी कमी आणि नवी मुंबईसाठी जास्त आहे, असं मी म्हणेन.

थेट गाड्या किती, हे तीन गोष्टींवर ठरेल. पहिली, पनवेलला हार्बरच्या रुळावरून नव्या मार्गावर गाडी विरुद्ध दिशेच्या गाडीला न अडवता जाऊ शकते का. दुसरी, हार्बरवर सकाळी आठ ते दहात आणखी गाड्या घुसवायला जागा आहे का. ती फारशी नाही, म्हणजे आजच्याच काही पनवेल गाड्या पुढे न्याव्या लागतील. तिसरी, रेक (लोकलच्या डब्यांचा पूर्ण संच) आणि ते रात्री उभे करायची जागा. कर्जत बाजूला रात्री रेक उभा राहिला नाही, तर पहाटेची पहिली गाडी पनवेलहून रिकामी आणावी लागते. मग ती पाचच्या आत निघणं विसरा.

सिग्नल पद्धतीवरही बरंच आहे. ॲब्सोल्यूट ब्लॉक असेल तर दोन स्थानकांमध्ये एका रुळावर एका वेळी एकच गाडी. इथे पाच स्थानकांत चार टप्पे, सरासरी साडेसात किमीचे. गाडी टप्पा पार करून पुढच्या स्थानकात पोचल्याशिवाय मागची निघत नाही, म्हणजे दहा-बारा मिनिटांपेक्षा जवळ गाड्या सोडणं कठीण. ऑटोमॅटिक सिग्नल असले की मागोमाग सोडता येतात. सुरुवातीला गाड्या मोजक्याच असतील, त्यामुळे हा फरक पहिल्या दिवशी जाणवणार नाही, पाच वर्षांनी जाणवेल.

---

सातबारा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात, पण नीट वाचा.

'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे नकाशावर सरळ रेषा ओढून काढलेलं असतं. स्थानकाला तिकीटघर आणि दरवाजा कोणत्या अंगाला आहे, हे आधी शोधा. दुहेरी मार्गाच्या चुकीच्या बाजूला जागा असेल तर रोज पूल चढायचा, आणि पूल स्थानक हद्दीतला असेल तर तिकिटाशिवाय त्यावरून पलीकडे जाण्याचीही पंचाईत. वाहनासाठी भुयारी रस्ता कुठे आहे, त्यात पावसाळ्यात पाणी तुंबतं का, हे गावात विचारा. चिखले, चौकसारख्या ठिकाणी शेजारी जुना एकेरी मार्गही आहे, म्हणजे ओलांडायचे रूळ दोन नाहीत, तीन किंवा लूप धरून चार-पाच.

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकाना वाचा आणि गेल्या काही वर्षांचे फेरफार काढा. रेल्वे भूसंपादनाची नोंद तिथे सापडते. रेल्वे अधिनियमाच्या कलम २०अ ची (भूसंपादनाची) अधिसूचना निघालेला गट असेल, किंवा त्या गटाचा उरलेला तुकडा विकला जात असेल, तर मोजणी नकाशा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. अशा तुकड्यांना पोचरस्ता राहिलेलाच नसतो, कारण तो रुळाखाली गेलेला असतो. रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचं तर रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो. विकणारा हे स्वतःहून सांगत नाही. शिवाय मार्ग ज्या पट्ट्यातून जातो त्यातला बराच भाग सिडकोच्या नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या अधिसूचित) क्षेत्रात येतो. गट नगररचना योजनेत असेल तर जागेचा आकारच बदलू शकतो.

फलाटापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर कुणाचा, हाही प्रश्न विचारा. रेल्वे आपल्या हद्दीपुरतं चौक-आवार करते. पुढचा रस्ता, दिवे, रिक्षाथांबा हे नियोजन प्राधिकरण किंवा ग्रामपंचायतीकडे. दोन्हीकडची कामं एकाच वेळी संपल्याचं उदाहरण विरळा.

माहिती अधिकारात अर्ज करायचा असेल तर 'स्थानक कधी सुरू होणार' असं विचारू नका, 'काम प्रगतिपथावर आहे' एवढंच उत्तर येतं. हा मार्ग बांधणाऱ्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे दहा रुपये भरून ऑनलाइन अर्ज करा आणि कागद मागा: अमुक स्थानकाच्या मंजूर जनरल अरेंजमेंट ड्रॉइंगची (एकूण मांडणीच्या नकाशाची) प्रत, तिकीटघर आणि प्रवेशमार्ग दाखवणारा आराखडा, पादचारी पूल व भुयारी मार्गांची यादी साखळी क्रमांकासह (मार्गावर ते किती अंतरावर आहेत त्या आकड्यासह). तीस दिवसांची मुदत आहे. ड्रॉइंग हातात आलं की तलाठ्याकडचा गट नकाशा शेजारी ठेवा आणि पुलाच्या जिन्यापासून जागेपर्यंतचं अंतर पायवाटेने मोजा, विमानाने नाही.